नाईट ड्युटीवाल्यांसाठी रत्नागिरीतली पीजी, दीड वर्ष राहून लिहितेय

मी स्टाफ नर्स आहे, कंत्राटी. रत्नागिरीतल्या नाचणे भागाच्या बाजूला घरमालकीण काकूंचं जांभ्याचं घर आहे, त्यात वरच्या मजल्यावर आम्ही पाच जणी राहतो. कॉटमागे महिना 3,500, डिपॉझिट एका महिन्याचं, जेवण वेगळं. हे घर मिळायच्या आधी दहा महिन्यांत तीन रूम बदलल्या म्हणून जरा सविस्तर लिहितेय, नवीन जॉइन होणाऱ्या मुलींना उपयोग होईल.

बाहेरच्यांना वाटतं रत्नागिरीत घरांना काय तोटा. घरं आहेतच, पण किती तरी कुलपात आहेत, मालक मुंबईला, येणार फक्त गणपती, शिमगा आणि मे महिन्यात. माझ्या पहिल्या रूमच्या मालकांनी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं आणि ऑगस्टमध्ये फोन, आम्ही सगळे येतोय, पंधरा दिवस दुसरीकडे बघा. त्या पंधरा दिवसांत माझ्या चार नाईट होत्या, सामान एका मैत्रिणीकडे आणि मी स्टाफच्या चेंजिंग रूममध्ये बाकावर झोपायची. दुसऱ्या ठिकाणी गेट साडेनऊला बंद, आणि आमची सेकंड शिफ्ट आठला सुटते म्हणजे कागदावर सुटते, रिलीव्हर उशिरा आली, एखादा पेशंट सिरीयस झाला की हँडओव्हर देऊन निघेपर्यंत नऊ वाजतात, वर पाऊस असला तर रिक्षा नाही. दोनदा गेटबाहेर भिजत उभी राहिलेय. नाईटला निघाले की शेजारपाजारचे खिडकीत येऊन बघायचे, मुलगी रात्रीची कुठे चालली म्हणून. तिसरी रूम चांगली होती पण मालकांनी ती पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायला काढली, त्यांना त्यात जास्त मिळतं, मी काय बोलणार.

त्यात 2023 ला इथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, चांगलंच झालं, पण रूम शोधणारे वाढले. क्वार्टर्समध्ये आधी कायम स्टाफचा नंबर. आणि घरभाडं भत्ता म्हणाल तर सातव्या वेतन आयोगात मुंबईला 24 टक्क्यांपासून आणि आमच्यासारख्या लहान शहराला 8 टक्क्यांपासून सुरू झाला, तोही कायम असणाऱ्यांना, मला एकवट मानधन, भाडं त्यातूनच.

आता काकूंचं घर. इथे प्रत्येकीला मागच्या दाराची चावी मिळते, कधी आलीस का आलीस कोणी विचारत नाही, पण उशीर झाला की ओटीवरचा दिवा चालू असतो. नाईट करून सकाळी नऊला पोचलं की उकड्या तांदळाची गरम पेज आणि लोणचं, याचे पैसे वेगळे घेत नाहीत. मग काकू खिडक्यांना जाड पडदे ओढून खाली मिक्सरसुद्धा लावत नाहीत. दिवसा झोपू देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते रात्रभर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पडवीत दोऱ्या बांधून दिल्यात आणि पावसाळ्यात एक पंखा तिथे कायम चालू, नाहीतर जुलैत युनिफॉर्म तीन तीन दिवस वाळत नाही, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि सिस्टर ओरडतात. गणपतीत काकूंचे दोन्ही मुलगे येतात तरी आमच्या कॉटला हात लावत नाहीत, उलट आरतीला बोलावतात.

मी 2020 ला परळला होते तेव्हा घरमालकाने आम्हा तिघींना दोन दिवसांत खोली सोडायला सांगितलं होतं, कोविड वॉर्डला ड्युटी लागली एवढंच कारण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वटहुकूम निघाला, आरोग्य कर्मचाऱ्यांना राहत्या जागी त्रास देणं हा पण गुन्हा धरला, 3 महिने ते 5 वर्षं शिक्षा, पण तोवर आम्ही बॅगा भरल्या होत्या. म्हणून काकूंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की मला टीबी वॉर्ड पण लागतो. त्या म्हणाल्या, "लागणारच की गो, नाहीतर त्या माणसांचं कोण करणार?" आणि चावी हातात दिली.

कमी आहे ते पण सांगते. पाच जणींत एक बाथरूम, फर्स्ट शिफ्टच्या तिघी असल्या की पावणेसातला रांग. मे महिन्यात विहीर तळाला जाते, तेव्हा दोन बादल्यांवर भागवायचं. बाहेरच्या जिन्यावर पावसात शेवाळ धरतं, मी एकदा घसरून पडलेय, काकूंनी ब्लीचिंग टाकून घासून घेतलं पण परत येतंच, चप्पल बघून घाला. वर स्वयंपाक चालत नाही, फक्त चहाची शेगडी. जेवणाचा डबा 60 रुपये, बुधवार शुक्रवार बांगडा किंवा मोरी, शाकाहारी मुलींना उसळ.

पुढच्या महिन्यात एकीची बदली होतेय, कॉट सुटेल. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आधार आणि हॉस्पिटलचं ओळखपत्र लागतं. आणि बघायला जायचं तर दुपारी चारनंतर जा, त्याआधी बेल वाजवू नका, नाईटवाल्या झोपलेल्या असतात.