प्रार्थनेची वही: तारखा छापलेली की कोरी?

रोजच्या प्रार्थनेसाठी वह्या दोन प्रकारच्या मिळतात: वर्षाच्या 365 तारखा छापलेली आणि कोरी. सरळ सांगायचं तर तारखांची घेऊ नका. आजारपणात किंवा धावपळीत चार दिवस चुकले की ती रिकामी पानं डोळ्यांत खुपतात, अपराधी वाटतं आणि वही कपाटात जाते. कोऱ्या वहीत आजची तारीख टाकायची की झालं.

आकार ए5, म्हणजे 148 × 210 मिमी, पुरेसा. बांधणी शिलाईची बघा. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही, आणि एका हाताने पान दाबून प्रार्थना लिहिणं म्हणजे कसरतच. 70 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाच्या) कागदावर शाईपेन मागे उमटू शकतं, बॉलपेन चालतं.

काही वह्यांत ‘मागणं’, ‘आभार’ असे छापील रकाने असतात, ते मात्र साफ फसलेले. ‘मागणं’ला अर्धं पान, ‘आभार’ला दोन ओळी! सगळं सुरळीत असताना मागायला काही सुचत नाही, पान रिकामं राहतं आणि सवय नेमकी तेव्हाच मोडते. संकटात उलट, आभाराची एक ओळही जड जाते. त्यापेक्षा रेघा स्वतः मारा. आधी आभाराची एकच नेमकी गोष्ट, मग दुसऱ्या कुणासाठी, शेवटी स्वतःसाठी. उजवीकडे दोन बोटं समास सोडा. पुढे काय झालं ते तिथे तारखेसह लिहिता येतं. अगदी वाईट दिवशी एक ओळ बस झाली. रेशमी खूणफीत असली तर बरं, नसली तरी अडत नाही.