गाय-वळू जुळणीची संगणकीय सेवा: पैसे वसूल होतात, पण वंशावळ खरी असेल तरच

रेतमात्रा विकणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्या गोठ्यातल्या प्रत्येक गायीसाठी वळू सुचवतात. गायींची वंशावळ भरायची, दूध, फॅट, कास, पाय यांपैकी काय सुधारायचं ते सांगायचं. संगणक पसंतीचे तीन वळू क्रमाने देतो. चांगला वळू जाणता गोपालक स्वतःही निवडू शकतो. सेवेचा खरा उपयोग रक्तसंबंध टाळण्यात आहे आणि ती पारखायची तीही याच बाबतीत.

बाप-लेकीच्या जुळणीतून वासराचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप नात्यातले असल्यामुळे दोघांकडून एकसारखंच जनुक येण्याचं प्रमाण) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या १२.५, चुलत भावंडांच्या ६.२५. एवढं वहीवरही पकडता येतं. नडतात ती दूरची नाती. होल्स्टीन या दुधाळ जातीत १९६०च्या दशकात जन्मलेले चीफ आणि एलिव्हेशन हे वळू बहुतेक वंशावळींत सापडतात, तेही अनेक वाटांनी. आजोबापर्यंतच पाहिलं तर परके वाटणारे गाय-वळू आणखी काही पिढ्या मागे गेल्यावर नात्यातले निघतात. हे काम संगणक चोख करतो.

अमेरिकी होल्स्टीनवरच्या १९९८च्या अभ्यासात गुणांक १ टक्का वाढला की पहिल्या वेतात सुमारे ३७ किलो दूध आणि आयुष्यभराच्या निव्वळ उत्पन्नात २२ ते २४ डॉलर घटतात, असं दिसलं. म्हणजे १२ऐवजी ६ टक्क्यांची जुळणी केली तर पहिल्याच वेतात २२० किलोंच्या आसपास दूध वाचतं. हा तोटा एका दिवशी डोळ्यांत भरत नाही. गाय उलटते (रेतन करूनही गाभण राहत नाही), दोन वेतांतलं अंतर लांबतं, गाय लवकर गोठ्याबाहेर जाते, आणि दोष चाऱ्यावर किंवा रेतन करणाऱ्यावर जातो.

घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: गुणांकाला ६.२५ची सरळ कात्री आहे, की अपेक्षित तोटा वळूच्या गुणांतून वजा होतो? दुसरी पद्धत कितीतरी सरस. कात्रीमुळे ६.५ टक्क्यांचा उत्तम वळू बाद होतो आणि ६ टक्क्यांचा सुमार वळू पास होतो.

घातक जनुकीय दोषांवरचा पहारा ही सेवेची सर्वांत भक्कम बाजू. चीफकडून पसरलेल्या एचएच१ दोषाचे गाय आणि वळू दोघंही वाहक (स्वतः धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारे) असले, तर सरासरी चारातला एक गर्भ जगत नाही. वाहक वळू चांगला असेल तर तो टाकून देऊ नका, फक्त वाहक गायीला वापरू नका. पण त्यासाठी गाय वाहक आहे का, हे माहीत हवं.

सेवा सर्वांत जास्त फसते ती गायीच्या चुकीच्या नोंदींमुळे. कानातला बिल्ला बदललेला, कांडीचा (रेतमात्रेच्या नळीचा) क्रमांक चुकीचा उतरवलेला, माज परतल्यावर दुसऱ्याच वळूची कांडी भरलेली. बाप चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं. म्हणून कालवडींची जनुकीय चाचणी पहिल्या रेतनाआधीच करून घ्या. बाप पक्का होतो, वाहक कळतात, आणि सख्ख्या बहिणींच्या गुणांकातला फरकही दिसतो, जो कागदी वंशावळीत सारखाच येतो. नमुन्याला शेपटीचे केस द्यायचे तर मुळासकट उपटा; कापलेल्या केसांचा उपयोग नाही.

मोठी उणीव म्हणजे यादीत बहुधा कंपनीचेच वळू असतात. ते एकमेकांच्या नात्यातले असतील तर आज टाळलेलं नातं पुढच्या पिढीत समोर येतं. बाहेरचे वळू यादीत घालू देणारी सेवाच घ्यावी. गायीचा स्वतःचा गुणांक जास्त असला तरी घाबरू नका: वळू खरोखर परका असेल तर वासराचा गुणांक शून्यावर येतो. संकरासाठी दुसऱ्या जातीचा वळू वापरला तरी तेच घडतं.

यादी कागदावरच राहिली तर पैसे वाया. रेतनाच्या वेळी पहिल्या पसंतीची कांडी नसली की हाताला लागेल ती भरली जाते. रेतमात्रांच्या डब्यात मोजक्याच वळूंच्या कांड्या ठेवा, तिन्ही पसंती त्यांतूनच काढून घ्या, आणि वळूंचं नवं मूल्यांकन जाहीर झालं किंवा नव्या कालवडी रेतनाला आल्या की यादी पुन्हा चालवून घ्या.