अडीच तारे, त्यातला अर्धा चहाचा

नवऱ्याला इंग्लंडमधल्या शेफिल्डला पीएचडीसाठी प्रवेश मिळाला, म्हणून गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, माझ्या डिपेंडंट व्हिसासाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसासाठी, पुण्यातल्या या व्हिसा एजन्सीत गेले. फी अठरा हजार, अधिक जीएसटी. ऑफिस झकपक, चहा आल्याचा आणि वेळेवर.

पहिल्याच भेटीत काउन्सेलर म्हणाली, "मॅडम, यूकेचं डिपेंडंट बंद झालं." मी म्हटलं, ते एमएस-एमबीएवाल्यांचं. १ जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या नसलेल्या, वर्गात बसून करायच्या मास्टर्सना जोडीदार नेता येत नाही. पीएचडीसारख्या संशोधनाच्या पदवीला आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना येतो. ती आत जाऊन विचारून आली. "हो, तुमचं होईल." अठरा हजार नक्की कोणी कोणाला द्यायचे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

खरा घोळ पैशांचा. लंडनबाहेर डिपेंडंटला महिन्याला ६८० पौंड, नऊ महिन्यांचे ६,१२० दाखवावे लागतात आणि ते सलग २८ दिवस खात्यात हवेत. त्या दिवशीच्या दराने तिने सात लाख सोळा हजारांचा हिशेब दिला. मी सात लाख वीस ठेवले. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिल्लक सात लाख नऊ. चूक माझीच, मी सीएच्या ऑफिसात काम करते आणि स्वतःचाच ऑटो डेबिट विसरले. पण फोन केल्यावर उत्तर काय, तर "एका दिवसाने काही होत नाही." होतं की! एक दिवस जरी रक्कम कमी पडली तरी मोजणी पहिल्यापासून. आणि रुपयांत ठेवताना दर वरखाली होतो, म्हणून वर तीस-चाळीस हजार जास्त ठेवा, हेही त्यांनी नाही, मैत्रिणीने सांगितलं. नवरा सप्टेंबरात एकटाच गेला. मी नोव्हेंबरात.

कामाच्या तासांबद्दलही तिने वीस तासांची मर्यादा सांगितली. ती विद्यार्थ्याला. डिपेंडंटला पूर्णवेळ नोकरी करता येते, फक्त व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक होता येत नाही. मला पीएमपीची बस धावत पकडता येत नाही, तेव्हा हरकत नाही.

आता चांगलं. कागद लावणारे काका हिरा माणूस. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. विवाह नोंदणीचा दाखला, भाडेकरार, जोड खात्याचं स्टेटमेंट असं सगळं त्यांनी खुणेच्या चिठ्ठ्या लावून दिलं. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो, उगाच आधी काढू नका, हेही त्यांनीच बजावलं. २०२५ मध्ये व्हिसाचे ५२४ पौंड आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या अधिभाराचे वर्षाला ७७६ एकदम, पूर्ण मुदतीचे भरायचे होते, हा आकडा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे करून सांगितला. चार वर्षांचेच ३,१०४ होतात. पाणी लागलंच.

व्हिसा आल्यावर पासपोर्ट हातात धरून ऑफिसच्या भिंतीवर लावायला फोटो द्या म्हणाले. पेढा घेतला, फोटो दिला नाही. जीएसटीची पावती अजून आलेली नाही. आली की अर्धा तारा वाढवते.