आठ महिने रोजच्या वापरात राहिलेले चार कन्चेर्टो

गणपती झाल्यावर मी एक नेम धरला: मुलुंड ते सीएसएमटी धीम्या लोकलमध्ये रोज एक कन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची पाश्चात्त्य शास्त्रीय रचना) ऐकायचा आणि दोन महिने रेकॉर्डिंग बदलायचं नाही. आमच्या घरात ख्याल आणि नाट्यसंगीत. त्यामुळे एक वाद्य पुढे आणि अख्खा वाद्यवृंद मागे, हे मला मुख्य गायक आणि त्याचे साथीदार असंच वाटायचं. ते तसं नाही हे उमगायला बरेच महिने गेले.

सुरुवात इंग्लिश संगीतकार एल्गारच्या चेलो कन्चेर्टोने केली; चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, खालच्या सुरांचं मोठं वाद्य. चेलोवर जॅकलिन द्यु प्रे, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, वाद्यवृंदाचा संचालक सर जॉन बार्बिरोली, १९६५. अर्ध्या तासाचा ऐवज. मुलुंडला सुरू केला की माटुंग्याच्या आसपास संपतो. द्यु प्रे तेव्हा वीस वर्षांची होती. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ती बोट तारेवरून ओढत नेते. आपल्या कानाला ती सरळ मींडच लागते, म्हणून मला हे संगीत पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही. महिनाभराने लक्ष मागच्या वाद्यांकडे गेलं. ती मींड घेते तिथे मागची व्हायोलिन्सही तिच्यासारखीच ओलावतात. बार्बिरोली स्वतः चेलोवादक होता. १९१९ साली या रचनेचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तो याच वाद्यवृंदात चेलो वाजवत बसला होता. त्या मैफलीच्या दुसऱ्या संचालकाने आपल्या वाट्याच्या रचनांमध्येच तालमीचा वेळ खाल्ला आणि एल्गारचा प्रयोग पडला. शेहेचाळीस वर्षांनी तोच चेलोवादक संचालक म्हणून उभा राहिला. हे वाचल्यापासून मी द्यु प्रेइतकंच त्याच्याकडेही कान देऊन ऐकते.

१९७३ मध्ये द्यु प्रेला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचं निदान झालं आणि बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. रोज सकाळी ऐकायला हे रेकॉर्डिंग जड आहे. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसला पोचेपर्यंत मी थकलेली असायचे. आता फक्त शुक्रवारी, परतताना.

रखमानिनोव्हचा दुसरा पियानो कन्चेर्टो मी लोकलमध्ये ऐकून सुरुवातीचे पंधरा दिवस फुकट घालवले. स्वियातोस्लाव्ह रिख्टर, वॉर्सा फिलहार्मोनिक, १९५९. आरंभी एकटा पियानो कॉर्डमागून कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेले अनेक सूर) वाजवतो, अगदी दबक्या आवाजात सुरू करून चढत जातो. कांजूर ते विक्रोळी गाडीच्या खडखडाटात त्यातलं काहीही ऐकू येत नाही. आवाज वाढवावा, तर पुढे सगळा वाद्यवृंद एकदम कानावर कोसळतो. लोकलसाठी हे घेऊ नका. मी ते पहाटे पाचला, नळाला पाणी यायच्या आधी ऐकू लागले.

पहिल्यांदा रिख्टर अडखळतोय असंच वाटलं होतं. रखमानिनोव्हने स्वतः १९२९ साली वाजवलेलं रेकॉर्डिंग याहून बरंच चालतं आहे. पण विलंबित ख्यालाची सवय असलेल्या माणसाने थोडा धीर धरावा. रिख्टर एक कॉर्ड वाजवतो, ती पूर्ण घुमू देतो, मगच पुढची. आणि मग मुख्य धून येते ती तंतुवाद्यांकडे! पियानो तिच्याखाली लाटांसारखा फिरत राहतो. ज्याच्या नावाचा कन्चेर्टो, तोच साथीला बसतो. माझी मुख्य गायक आणि साथीदार ही समजूत त्या पहाटे मोडली.

मग दिनू लिपाट्टीने वाजवलेला शूमनचा पियानो कन्चेर्टो, १९४८, संचालक कारायान. मोनो रेकॉर्डिंग आहे, आवाज जरा कोरडा. पण ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य धून मांडतं आणि पियानो तीच उचलतो, तेव्हा आपण काही सिद्ध करतोय असा आव लिपाट्टीच्या बोटांत कुठेच नाही. पुढे क्लॅरिनेट आणि पियानो संथपणे बोलतात ती जागा मला चारही रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत प्रिय आहे. गर्दीतही नीट ऐकू येतं. कोणाला पहिल्यांदा काही द्यायचं असेल तर मी हेच देईन. लिपाट्टी १९५० मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी गेला.

शेवटचे दोन महिने मेंडेल्सनचा व्हायोलिन कन्चेर्टो: मेनुहिन, बर्लिन फिलहार्मोनिक, संचालक फुर्टवेंग्लर, १९५२. त्याच वर्षी मेनुहिन भारतात आला होता. वादनाबद्दल तक्रार नाही, ॲपबद्दल आहे. पहिला भाग संपतो तेव्हा ‘बसून’ (bassoon) हे खर्जातलं, फुंकून वाजवायचं वाद्य एक सूर धरून ठेवतं आणि त्या एका धाग्यावरून आपण दुसऱ्या भागात उतरतो. मेंडेल्सनला मध्ये थांबणं, टाळ्या काहीच नको होतं. मी वापरते त्या ॲपमध्ये नेमकी तिथे क्षणभर शांतता येते. सेटिंग बदलून पाहिली, पुन्हा डाउनलोड केलं, फरक नाही. दोन महिने रोज भायखळ्याच्या अलीकडे तो सूर तुटायचा आणि मला रोज तितकंच वाईट वाटायचं.

शेवटी सीडी मागवली, भावाचा जुना प्लेयर माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतला. रविवारी दुपारी लावली. बसूनचा सूर थांबला नाही.