टेअर की शुअर? खासगी कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या प्राध्यापकासाठी

गेल्या महिन्यात दोन सहकारी वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न घेऊन आले. दोघंही नागपुरात हिंगणा रोडच्या बाजूला खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. दोघांचीही पीएचडी झाली आहे आणि दोघांनाही आता स्वतःच्या नावावर संशोधनाचा प्रोजेक्ट हवा आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या टेअर आणि शुअर या दोन अनुदान योजना आहेत. प्रश्न एवढाच की टेअरला अर्ज करावा की शुअरला? हा निर्णय मी स्वतः घेतलेला आहे, म्हणून जे दोघांना सांगितलं ते जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही योजना सर्बच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या काळातल्या. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा (एएनआरएफ) २०२३ चा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला आणि सर्ब त्यात सामावलं गेलं. त्यामुळे जाहिरात निघाली का, अटी बदलल्या का, हे आता एएनआरएफकडेच बघायचं. जुन्या पीडीएफवर विसंबून अर्ज भरू नका.

रक्कम बघितली तर शुअर सरळ पुढे आहे. तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत, आणि काम पूर्णपणे आपल्याच कॉलेजात. राज्य विद्यापीठं, त्यांची कॉलेजं आणि खासगी विद्यापीठं यांच्यासाठीच ही योजना काढली, त्यामुळे स्पर्धेत आयआयटीवाले नसतात. टेअरमध्ये वर्षाला ५ लाख, तेही आपलं कॉलेज आणि यजमान संस्था यांच्यात निम्मे-निम्मे. शिक्षकाला वेगळे वर्षाला ६० हजार मिळतात. त्या बदल्यात आपण वर्षातले किमान ९० दिवस आयआयटी, एनआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जाऊन काम करायचं. कागदावर बघणारा कुणीही शुअरच निवडेल, आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही.

माझा विषय उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं ओळखण्याचा. काटोल-वरुडकडच्या संत्र्याच्या बागा आणि आजूबाजूचा कापूस वेगळा काढायचा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं आणि एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून एका तारखेवर भागत नाही, वर्षभराची चित्रं एकावर एक रचावी लागतात. एवढा डेटा घेऊन मॉडेल शिकवायला बसवलं की २४ जीबीच्या एका ग्राफिक्स कार्डावर माझं एक ट्रेनिंग साधारण चार दिवस चालायचं.

शुअर मी घेतलेलं नाही, हे आधीच सांगतो. पण त्याच धर्तीचं एक छोटं अनुदान मला आधीच्या कॉलेजात मिळालं होतं. पैसा कॉलेजच्या खात्यात, मशीन कॉलेजच्या लॅबमध्ये, सगळं आपलं. तीन कोटेशनं, खरेदी समिती, सह्या यांत पाच महिने गेले. तो त्रास सगळीकडे असतो, त्याचं मला फारसं वाटलं नाही. मशीन आलं, मी सोमवारी संध्याकाळी ट्रेनिंग लावलं आणि समाधानानं घरी गेलो. मंगळवारी सकाळी लॅबमध्ये शिरलो तर पंखे बंद, स्क्रीन काळी. यूपीएसनं वीस मिनिटं दम धरला असेल.

मला वाटलं लाईट गेली असेल. पण नाही. रात्रपाळीवरचे रखवालदार भाऊ सगळ्या खोल्यांना कुलूप घालून जिन्याखालच्या बोर्डावरचा मेन पाडत होते. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘सर, मेन पाडाच लागते, साहेबायचा ऑर्डर आहे. मागं एका लॅबमंदी शॉर्ट झाला होता.’’ त्यांचं काही चुकत नव्हतं. मी अर्ज दिला, विभागप्रमुखांची शिफारस जोडली, लॅबसाठी वेगळी वायरिंग आणि वेगळा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा स्वतंत्र स्विच मागितला. फाईल वर्षभर फिरली. मजल्याची जबाबदारी एकाकडे, विजेचं बिल दुसऱ्याकडे आणि सुरक्षा तिसऱ्याकडे. अनुदानात वायरिंगसाठी पैसा नव्हता आणि कॉलेजच्या बजेटमध्ये प्रोजेक्टसाठी.

चेकपॉइंट ठेवायचे, म्हणजे झालेलं काम मधून मधून साठवून तिथूनच पुढे चालू करायचं, असं कुणीही म्हणेल. मीही ठेवत होतोच. पण मशीन सकाळी दहा ते संध्याकाळी सात एवढंच जिवंत राहिलं, तर ९६ तासांचं काम अकरा दिवस चालतं. मध्ये रविवार आला, सुट्टी आली की दोन आठवडे. एक पॅरामीटर बदलून बघायचा तर पुन्हा दोन आठवडे. शिवाय एप्रिलपासून वरच्या मजल्यावरची स्लॅब दिवसभर तापते. बाहेर ४५ अंश असताना मशीन फक्त दिवसाच चालवायचं म्हणजे त्याला सगळ्यात वाईट वेळ द्यायची. रात्रीचा गारवा ट्रेनिंगला मिळायचाच नाही. त्या वर्षी दोन पेपर व्हायला हवे होते, एकच झाला. आणि वर्षाअखेरीस खर्चाचा हिशेब आणि जीएफआर १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र देताना मी ‘मशीन वापरात आहे’ असं लिहिलं, तेव्हा मनाला लागलं. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

पुढच्या कॉलेजात आल्यावर मी टेअरला अर्ज केला. यजमान संस्था शहरातलीच धरली. मेट्रोनं लोकमान्यनगरहून शंकरनगरला उतरायचं आणि पुढे ऑटो. तिथे सर्व्हर रूम चोवीस तास चालते, एसीसकट. यजमानाकडच्या निम्म्या रकमेतून कार्ड घेतलं, तिथल्याच रॅकमध्ये बसवलं आणि घरून लॉगिन करतो. रात्री अकराला लावलेलं काम सकाळी बघतो तेव्हा ते चालूच असतं. तीन वर्षांत मला यापेक्षा मोठी सोय झाली नाही. शिवाय मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांसोबत बसायला मिळतं, ही बाब अनुदानाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

टेअरची दुखणीही आहेत. ९० दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण सेमिस्टरमध्ये आठवड्याला सोळा तास लेक्चर असतील तर ते दिवस दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतून काढावे लागतात. घरच्यांशी आधीच बोलून घ्या. कॉलेजची ना-हरकत मिळवताना ‘इकडचं काम कोण बघेल’ हा प्रश्न येणारच, त्यासाठी वेळापत्रक तयार ठेवा. रक्कम लहान आहे, अनेक मशीनं जोडून मोठं क्लस्टर उभारायचं स्वप्न तिच्यात बसत नाही. आणि आधी यजमानाकडे मार्गदर्शक शोधावा लागतो. ईमेल पाठवून वाट बघू नका, जाऊन भेटा.

नागपूरकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. यजमान म्हणजे फक्त व्हीएनआयटी, आपली इथली एनआयटी, असं समजू नका. पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाची संस्था आहे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा डेटा आहे आणि तो वाचणारे आपण आहोत. पात्र यजमानांची यादी त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासून घ्या.

माझा कल लपून राहिला नसेल, तरी शुअर कुणी घ्यावं तेही सांगतो. तुमच्या कॉलेजात रात्री वीज असणारी लॅब असेल, किंवा विषयच असा असेल की लॅपटॉपवर भागतं, समजा सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग किंवा ग्राफ थिअरी, तर शुअरच घ्या. पैसा दुप्पट आणि जा-ये शून्य. कार्ड विकत घेण्याऐवजी भाड्यानं वापरायचं असेल तरी हिशेब बदलतो. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनमधून सवलतीच्या दरात जीपीयू, म्हणजे अशीच ग्राफिक्स कार्डं, वापरायला देण्याची सोय आहे, तीही बघा. नुकतीच नोकरी लागली असेल तर पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट आधी बघा, तिथे तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत मिळू शकतात, मात्र स्पर्धा देशभरातल्या मोठ्या संस्थांशी आहे.

त्या दोघांपैकी एकीला मी शुअर सुचवलं, कारण तिच्या कॉलेजला डेटा सेंटर आहे. दुसऱ्याला म्हटलं, अर्ज उघडण्याआधी एकदा रात्री नऊला कॉलेजवर जाऊन ये आणि जिन्याखालचा बोर्ड बघ. तो गेला होता. आता मार्गदर्शक शोधतो आहे.