हरवलेली छायाचित्रे आणि ‘पायऱ्या’मधला ऱ : कॉलेज रोडवरील एका वेब-दुरुस्ती सेवेचा अनुभव

गोदाघाट आणि जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या छायाचित्रांचा संग्रह आमचा एक छोटा गट वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर उभारलेल्या संकेतस्थळावर मांडत आला आहे. रामकुंड, नारोशंकराचे मंदिर, सरकारवाडा, २०१५ चा सिंहस्थ, शिवाय २०१६ आणि २०१९ च्या पुरांत दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले होते ते दाखवणारी छायाचित्रे, असे त्याचे स्वरूप आहे. गेल्या वर्षी आम्ही नवे डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि नवे होस्टिंग (त्याच्या फाइली ठेवण्याची सर्व्हरवरील जागा) घेतले. ज्यांच्याकडे स्थलांतर सोपवले होते त्यांनी काम पूर्ण झाल्याचे कळवले आणि महिनाभर सर्व काही ठीक दिसले. पण जुन्या होस्टिंगची मुदत संपताच निम्म्याहून अधिक छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या. पुढील दुरुस्ती कॉलेज रोडवर दोघे जण मिळून चालवत असलेल्या एका लहान सेवेकडून आम्ही करून घेतली.

या सेवेची मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे कारण कळेपर्यंत त्यांनी कशालाही हात लावला नाही. आधी ज्यांना विचारले त्या प्रत्येकाने कॅश (साठवलेल्या तात्पुरत्या प्रती) पुसा किंवा अमुक प्लगिन (जोड-प्रोग्राम) टाका असेच सुचवले होते. येथे प्रथम फाइली आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप घेतला गेला, आणि मग आम्हाला शेजारी बसवून ब्राउझरमध्ये प्रत्येक चित्राची मागणी नेमक्या कोणत्या पत्त्यावर जाते आणि तेथून काय उत्तर येते ते दाखवले गेले. बहुतेक मागण्या जुन्याच डोमेनकडे जात होत्या. वर्डप्रेसमध्ये लेखात चित्र घातले की त्याचा संपूर्ण पत्ता लेखाच्या मजकुरातच लिहिला जातो, त्यामुळे फाइली नव्या सर्व्हरवर आल्या तरी लेख जुन्याच सर्व्हरकडे चित्र मागत राहिले होते. महिनाभर सारे ठीक का दिसले, याचा उलगडाही तेव्हाच झाला.

हे पत्ते बदलताना त्यांनी डेटाबेसमध्ये सरसकट शोध-बदल केला नाही. मुखपृष्ठावरील स्लायडरसारख्या (एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांच्या पट्टीसारख्या) काही सेटिंगमध्ये मजकुरासोबत त्याची लांबीही नोंदलेली असते. पत्ता बदलून लांबीचा आकडा तसाच राहिला तर ती सेटिंग वाचताच येत नाही. म्हणून त्यांनी डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाची शोध-बदल आज्ञा वापरली, जी हा हिशेब सांभाळते, आणि तीही आधी केवळ चाचणी म्हणून चालवून किती नोंदी बदलतील ते आम्हाला दाखवले. नव्या थीमला, म्हणजे संकेतस्थळाच्या मांडणीला, हव्या असलेल्या आकाराच्या प्रती मूळ छायाचित्रांवरून पुन्हा तयार करण्याचे कामही त्याच दिवशी उरकले.

तरीही सुमारे चाळीस छायाचित्रे दिसेनात. त्यांच्या फाइली सर्व्हरवर होत्या आणि नावेही तंतोतंत जुळत होती, पण उत्तर मात्र ४०४, म्हणजे या पत्त्यावर फाइल नाही, असे येत होते. आमच्या फाइलींची नावे मराठीत आहेत. त्यांपैकी ‘चिरेबंदी वाडा’ दिसत होता आणि ‘वाड्याच्या ओसऱ्या’ दिसत नव्हत्या. ‘रामकुंड’ दिसत होते आणि ‘घाटाच्या पायऱ्या’ नव्हत्या. दोघांपैकी धाकट्या तंत्रज्ञाने यादी दोनदा वाचली आणि दोष ‘ऱ’मध्ये असल्याचे ओळखले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण संकेतपद्धतीत, हे अक्षर एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, तसेच साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण लिनक्स सर्व्हर नावे बाइटनिहाय जुळवतो आणि त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. जुन्या मॅक संगणकांची फाइल-व्यवस्था नावातील अशा अक्षरांची फोड करून ती साठवते, आणि स्थलांतराच्या वेळी आमच्या फाइली मधल्या टप्प्यात तशाच एका संगणकावर उतरवल्या गेल्या होत्या. मराठीचे हे अंग ठाऊक नसलेल्या तंत्रज्ञाला ही यादी काहीच सांगू शकली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नावे पूर्ववत करणारी छोटी स्क्रिप्ट त्यांनी तेथेच बसून लिहिली, आणि यापुढे फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवून मराठी नाव शीर्षकात व पर्यायी मजकुरात (चित्र न दिसल्यास त्याजागी दिसणाऱ्या मजकुरात) लिहावे, असा सल्ला दिला. तो मला रुचला नाही, पण आम्ही तो पाळत आहोत.

उणिवा आहेत. काय काय केले याचा लेखी तपशील मागितल्यावरच मिळाला, आणि तोही आठ दिवसांनी. ज्यांना संकेतस्थळ पुढे स्वतः सांभाळायचे आहे त्यांनी तो सुरुवातीलाच ठरवून घ्यावा. शुल्क म्हणून ४,५०० रुपये घेतले, जे दोन दिवसांच्या अशा कामासाठी मला वाजवी वाटले.

११ छायाचित्रे मात्र नव्या सर्व्हरवर कधी आलीच नव्हती. ती आपल्याकडून परत मिळणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. त्यांपैकी ७ छायाचित्रांच्या मूळ प्रती सापडल्या असून त्या पुन्हा स्कॅन केल्या आहेत. उरलेल्या ४ प्रतींचा शोध पंचवटीतील सदस्यांच्या घरी चालू आहे.