वासोटा की हरिश्चंद्रगड? दोन दिवस हातात असतील तर

थंडी पडायला लागली की ओळखीतल्या कुणाचा तरी हा प्रश्न येतोच. शनिवार-रविवार मोकळे आहेत, घरचे सोबत आहेत, चालायची थोडीफार सवय आहे, नुसता किल्ला नको, जंगलही हवं. मग कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्याला जावं की हरिश्चंद्रगडाला? दोन्हीकडे अभयारण्य आहे आणि चढ दोन-अडीच तासांचा आहे. गाडीच्या अंतराचा हिशोब ज्याचा त्याने करावा. दोन्हीकडे मी घरच्यांना घेऊन पुरेसा फिरलोय आणि आता विचारणाऱ्याला बहुतेक एकच नाव सांगतो. पण आधी वासोट्याचं बोलू, कारण जंगलाच्या बाबतीत तुलना करणंच हरिश्चंद्रगडावर अन्याय आहे.

वासोट्याला रस्ता नाही, हेच त्याचं भाग्य. कोयना धरणाचं पाणी चढलं तशी खोऱ्यातली गावं उठली, पलीकडचा डोंगर माणसांपासून तुटला आणि रान वाढत गेलं. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या पश्चिम घाटाच्या यादीत ही दोन्ही रानं आली. यादीत नसती तरी फरक पडला नसता म्हणा. काठावरच्या बामणोली गावाहून शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, तास-दीड तास बोट चालते. पाणी हळूहळू अरुंद होत जातं, दोन्ही काठांवरची झाडी अंगावर येते आणि मेट इंदवलीला उतरल्यावर थोड्याच वेळात ऊन संपतं. अंजन, जांभूळ, हिरडा. वर पाहिलं तर आभाळ तुकड्यातुकड्यांत. भर दुपारीही चढताना डोक्यावर टोपी लागत नाही. सह्याद्रीत असा चढ किती ठिकाणी उरलाय? गवा, अस्वल, सांबर तिथे आहेत, पण दिसतील या आशेने जाऊ नका. बोटीतून उतरलेल्या पाच-सहा गटांचा आवाज ऐकून ते केव्हाच आत सरकलेले असतात. शेकरू मात्र आम्हाला दिसलंय, आणि ज्यांनी मान वर केली नाही त्यांना नाही.

वनखात्याचा कारभारही मला आवडतो. नावं लिहून परवानगी घ्यायची, ओळखपत्र दाखवायचं, सोबतच्या प्लास्टिकची नोंद करायची आणि परतताना ते मोजून दाखवायचं. काहीजण यावर कुरकुरतात. त्यांना कुरकुरू द्यावं; त्या वाटेवर वेफर्सची पाकिटं दिसत नाहीत ती याच कटकटीमुळे.

मग अडतं कुठे? घड्याळापाशी.

जंगलात मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं, हा नियम. तो योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवस कसा वाटला जातो ते बघा. बामणोलीत परवानगी, बोट, माणसं जमणं, ‘अरे, त्याची बाटली राहिली’, असं करत नऊला निघालात तर पलीकडे साडेदहा. सामानाची तपासणी, पहिले फोटो, अकरा. लहान-मोठ्यांना घेऊन रमतगमत माथ्यावर पोहोचायला दीड. आणि अडीच-पावणेतीनला उतरायला लागलंच पाहिजे, कारण खाली बोट थांबलेली आहे आणि पाण्यावर अंधार नको. म्हणजे ज्यासाठी आलो त्या माथ्यावर जेमतेम तास. त्यातच डबे सोडायचे, मारुतीला आणि महादेवाला नमस्कार करायचा, समोर जुना वासोटा बघायचा, आणि बाबूकड्याच्या अर्धगोल भिंतीसमोर जरा कुठे बूड टेकलं की कुणीतरी मनगट वर करून म्हणतं, ‘चला’.

एकदा हे चालून जातं. दुसऱ्यांदा मला ते ‘चला’ आधीपासून ऐकू यायला लागलं. चढताना दम खायला थांबलं तरी मनात बेरीज चालू: अजून इतकं, मग इतकं, मग बोट. नागेश्वराच्या गुहेकडे जायची इच्छा दरवेळी असते आणि दरवेळी ‘वासोटा का नागेश्वर’ असं ठरवावं लागतं. दोन्ही एका दिवसात करणारे आहेत, पण ते पळणारे आहेत. माझी धाकटी मुलगी एखाद्या किड्याशेजारी वीस मिनिटं बसू शकते. तिला तिथून उठवणं हे माझं वासोट्यावरचं मुख्य काम झालं होतं. इतकं सुंदर रान आणि त्यात मी गाडी पकडायला निघाल्यासारखा चालतोय, हे काही केल्या पटेना. तुम्हाला कदाचित हे जाणवणारही नाही. वेळापत्रकात रमणारी माणसं असतात आणि त्यांच्यासोबत वासोटा फार छान होतो.

अजून एक, थोडं खर्चाचं. बोट अख्खी ठरवावी लागते. दहा-बारा जणांचा गट असेल तर डोक्यागणिक काहीच वाटत नाही. चौघांचं कुटुंब असेल तर एक तर खिसा हलका होतो किंवा धक्क्यावर उभं राहून जोडीला अनोळखी लोक शोधावे लागतात. आणि अनोळखी लोक जोडीला आले की त्यांचं घड्याळही सोबत येतं.

आता हरिश्चंद्रगड. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ चं, म्हणजे कोयनेच्याच वयाचं. पण हे माणसांचं रान आहे. गावं आहेत, गुरं आहेत, भातखाचरं आहेत, आणि झाडी सलग नाही, टप्प्याटप्प्याने आहे. पायथ्याच्या पाचनई गावाहून चढताना आधी उघडा डोंगर, मग त्या प्रचंड कातळाच्या पोटाखालून आडवी वाट, मग ओढ्याच्या साथीने दाट झाडी आणि शेवटी मंदिर. खिरेश्वरकडून तोलार खिंडीची वाट जास्त रानातली, पण ती लांब आहे आणि खिंडीनंतरचा कातळटप्पा सगळ्यांना रुचत नाही. कोकणातून चढणारी अवघड नळीची वाट हा वेगळाच विषय. घरच्यांना घेऊन तिकडे जायचं नाही, एवढंच इथे पुरे. तेव्हा फक्त झाडं मोजायची असतील तर इथेच थांबा आणि बामणोलीची बोट ठरवा.

पण पाचनईत पोहोचल्यावर तुमच्यामागे कुणी लागत नाही. गावात घरोघरी राहायची सोय होते, आदल्या दिवशी सांगितलं की जेवायला नागलीची भाकरी आणि पिठलं मिळतं, आणि कधी निघायचं ते तुम्ही ठरवता. गडावर मुक्काम करू देतात की नाही, याचे नियम बदलत असतात. ते गावात विचारून घ्या. आम्ही हल्ली खालीच राहतो आणि पहाटे बॅटऱ्या घेऊन चढतो. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं राहायचं, पिंडीभोवतीच्या चार खांबांतला एकच शाबूत खांब पोरांना दाखवायचा, तो पडला की कलियुग संपेल ही गोष्ट सांगायची, तारामती शिखरावर जायचं किंवा जायचं नाही. वाटेत किडा सापडला तर बसायचं.

आणि गडावरचा कोकणकडा असा आहे की तिथे बसून राहिलं तरच तो काही देतो. १८३५ साली कर्नल साइक्सने इथल्या इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यात उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची आणि त्यात दिसणाऱ्या आपल्याच सावलीची नोंद केली. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळच. आणि समोर दरीत ढग हवा. दोन्ही एकाच वेळी जुळायला पावसाळ्याचा शेवट त्यातल्या त्यात बरा. मला ते एकदाच दिसलं, तेही अर्धवट, आणि दोन तास नुसतं धुकं बघून घरचे वैतागल्यावर. वासोट्यावर ते दोन तास कुठून आणले असते?

हरिश्चंद्रगडाचा दोष झाकत नाही: गर्दी. शनिवारी रात्री पाचनईत गाड्यांची रांग असते, रविवारी सकाळी केदारेश्वरापाशी पाण्यात उतरायला नंबर लावावा लागतो, आणि कुणीतरी स्पीकर आणलेला असतोच. वासोट्याची शिस्त इथे हवी होती, असं मनापासून वाटतं. यावर आमचा उपाय साधा आहे. सोमवारची रजा काढायची, रविवारी दुपारी पाचनईला पोहोचायचं आणि लोक उतरत असताना आपण गावात हातपाय धुवायचे. सोमवारी सकाळी गड रिकामा असतो. रजा मिळत नसेल तर मात्र माझं मत थोडं डळमळतं. भर हंगामातल्या रविवारीच जायचं असेल तर वासोटा जास्त शांत पडेल, कारण बोटींतून माणसं येऊन येऊन किती येणार.

दुसऱ्या दिवसाचा प्रश्न पटकन निकालात काढतो. कोयनेकडे कासचं पठार आहे, पण फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरची. डिसेंबरात तिथे काय बघायचं, हे मला कुणी समजावलेलं नाही. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला राजूरमार्गे भंडारदरा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी, आणि पाय शाबूत असतील तर बारीहून कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. सगळं एका दिवसात करू नका, म्हणजे पुन्हा घड्याळ आलं. अमृतेश्वर पाहून परतताना राजूरचे पेढे घेतले तरी दिवस भरतो. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आगेमागे काजवे बघायलाही हाच भाग. तेव्हा वासोटा उकाड्याने नकोसा, आणि पाऊस धरला की बंदच.

सगळ्यांनी माझं ऐकावं असं नाही. पक्षी बघणारे, दहा-बारा जणांचा जमलेला गट, ज्यांना गर्दी सोसतच नाही ते, किंवा ज्यांनी आयुष्यात एकदाही दाट सह्याद्री पाहिला नाही ते, यांनी आधी वासोट्यालाच जावं. माझ्या बायकोचं मत आजही वासोट्याकडे आहे. तिला चढापेक्षा बोट आवडते. त्या बाजूने जाणार असाल तर मुक्काम आदल्या रात्रीच बामणोलीत करा, बोटीचं संध्याकाळीच बोलून ठेवा आणि सकाळच्या पहिल्या बोटींत निघा. मिळालेला अर्धा तास थेट बाबूकड्याच्या खात्यात जमा होतो.

पाचनईला पुण्याहून जाणाऱ्यांनी ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा रस्ता धरावा, मुंबईहून घोटी-राजूर. पेट्रोल आधीच भरून घ्या, कोतूळ किंवा राजूर सोडल्यावर पंपाच्या भरवशावर राहू नका.